हायब्रिड गाडीतील स्वयंचलित गिअरबॉक्स व स्थैर्यप्रणाली

हायब्रिड (संकरित) मोटारगाडी ही पेट्रोल इंजिन व विद्युत मोटर अशा दोन शक्तिस्रोतांवर चालते. या दोन्हींची शक्ती एकत्र करून चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेस व्यवहारात 'ऑटोमॅटिक गिअरबॉक्स' म्हणतात. गाडी घसरू वा भिरभिरू नये यासाठी ब्रेक आणि शक्ती यांचे आपोआप नियमन करणाऱ्या यंत्रणा स्थैर्यप्रणाली या नावाने ओळखल्या जातात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा खुला झाला. वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जाणारा भाग याच टप्प्यात येतो. तेथे मोटारगाड्यांसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. तालुक्याच्या रस्त्यावरून थेट अशा वेगात शिरणाऱ्या चालकाला या यंत्रणा काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

रचना

भारतात 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली बऱ्याच भिन्न रचना विकल्या जातात. एएमटी प्रकारात नेहमीचाच क्लच व नेहमीचीच दंतचक्रे असतात; फक्त ती बदलण्याचे काम चालकाऐवजी यंत्र करते. टोयोटा इनोव्हा हायक्रॉस किंवा मारुती सुझुकी ग्रँड विटारा यांच्या पूर्ण हायब्रिड आवृत्त्यांत मात्र टप्प्याटप्प्याने बदलणारे गिअर नसतातच. तेथे ग्रहीय दंतचक्रांचा एक संच असतो. मधल्या सूर्यचक्राला जनित्र, ग्रहचक्रांच्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या कंकणचक्राला चाके जोडलेली असतात. चाकांना जोर देणारी दुसरी विद्युत मोटरही चाकांच्याच बाजूला असते. जनित्राचा वेग कमीजास्त केला की इंजिन व चाके यांच्या वेगांचे गुणोत्तर सलग बदलते.

ही रचना टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस गाडीतून बाजारात आणली. त्या गाडीच्या सूर्यचक्राला ३० व कंकणचक्राला ७८ दाते होते. त्यामुळे इंजिनाच्या पीळबलाचा सुमारे ७२ टक्के भाग थेट चाकांकडे आणि उरलेला जनित्राकडे जाई. होंडा सिटीच्या हायब्रिड आवृत्तीत वेगळी पद्धत आहे. तिच्यात बहुतांश वेळ विद्युत मोटरच गाडी ओढते आणि महामार्गाच्या वेगाला एक क्लच इंजिन थेट चाकांना जोडतो.

दांड्याच्या स्थिती

पी, आर, एन, डी आणि अनेक गाड्यांत बी अशा स्थिती असतात. या ठिकाणी 'गिअर टाकणे' हा शब्दप्रयोग केवळ सवयीने टिकून आहे. चालक प्रत्यक्षात संगणकाला आपला हेतू कळवत असतो. टोयोटाच्या रचनेत मागे जाण्यासाठी वेगळे दंतचक्र नसते, विद्युत मोटर उलटी फिरते. 'बी' स्थितीत पेडलवरून पाय काढताच गाडी अधिक मंदावते. लांब उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून तिचा उपयोग होतो. 'एन' स्थितीत बॅटरी भारित होत नाही, म्हणून टोलनाक्यावरील किंवा रेल्वे फाटकावरील रांगेत ती दीर्घकाळ वापरू नये.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे शांतता. इंजिनाचा आवाज नसला तरी 'रेडी' दिवा लागलेला असल्यास गाडी सुरूच असते आणि 'डी'मध्ये ब्रेक सोडताच पुढे सरकते. बंद पडलेली गाडी चालकचाके जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नये. चाकांबरोबर मोटर फिरून वीजनिर्मिती होऊ शकते व यंत्रणेची हानी होते.

स्थैर्यप्रणाली

एबीएस जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ देत नाही, त्यामुळे सुकाणूचा ताबा टिकतो. त्या वेळी पेडलखाली थरथर जाणवते; ती बिघाड समजून पाय उचलणे ही नेहमीची चूक आहे. कर्षण नियंत्रण हे निसटत्या चाकाची शक्ती कमी करते.

स्थैर्य नियंत्रण (ईएससी) सुकाणूचा कोन आणि गाडीचे प्रत्यक्ष वळणे यांची सतत तुलना करते. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागल्यास वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक, तर गाडी पुरेशी वळत नसल्यास आतले मागचे चाक प्रामुख्याने रोखले जाते. १९९५ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या गाडीत बॉश कंपनीची ही प्रणाली आली. १९९७ मध्ये एका स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत, आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवण्यासाठी घ्यावे लागते तसे अचानक वळण घेताना मर्सिडीझची ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने ती प्रणाली या लहान गाडीतही बसवली. हे उदाहरण वाशिमपासून दूरचे वाटले तरी तसे नाही, कारण कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य याच जिल्ह्यात आहे आणि शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर वन्यप्राणी आडवे येतात. भारत एनकॅप या १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी ईएससी आवश्यक आहे.

हायब्रिड गाडीत सौम्य ब्रेक बहुधा मोटरकडून लागतो आणि त्यातून बॅटरी भारित होते. चाक घसरू लागताच हे काम द्रवचलित ब्रेककडे सोपवले जाते. त्यामुळे खड्ड्यावरून जाताना ब्रेक क्षणभर सैल झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी पेडल अधिक घट्ट दाबावे.

मर्यादा

कोणतीही प्रणाली टायर व रस्ता यांच्यातील पकड वाढवत नाही. आहे ती पकड चाकांमध्ये वाटून देते. घर्षणगुणांक ०.७ धरल्यास ताशी ६० किमी वेगातील गाडीला केवळ ब्रेकने थांबण्यास सुमारे २० मीटर लागतात, १२० किमीला सुमारे ८१ मीटर. घर्षण निम्मे झाले की हे दुसरे अंतर १६२ मीटरवर जाते. चालकाने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही.

पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येणारी काळी माती घर्षण असेच घटवते. त्याच चिखलात गाडी रुतल्यास कर्षण नियंत्रण चाक फिरूच देत नाही. तेव्हा ते बटणाने तात्पुरते बंद करावे लागते व बाहेर पडताच पुन्हा सुरू करावे लागते. झिजलेले किंवा कमी हवेचे टायर आणि चालकाची झोप यांवर ईएससीकडे उपाय नाही. शिवाय एबीएस व ईएससी या दोन्ही चाकांच्या वेगांची तुलना करत असल्याने चारही टायर निर्मात्याने सांगितलेल्या एकाच मापाचे नसल्यास त्यांचे अनुमान चुकू शकते.