गोफर मागे का पडलं?

वेब घरोघरी पोहोचण्याआधी इंटरनेटवर ‘गोफर’ लोकप्रिय होतं. १९९१मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ते तयार झालं. स्क्रीनवर फक्त अक्षरं दिसत. यादीतली एक ओळ निवडली की पुढची यादी किंवा मजकूर उघडे. संथ फोन लाइनवरही ते झटपट चाले.

वेबमध्ये मात्र वाक्यातल्या शब्दावरूनच दुसऱ्या पानावर जाता येई. १९९३मध्ये आलेल्या मोझॅक ब्राउझरने मजकुराशेजारी चित्रंही दाखवली.

पण कारण फक्त चित्रांचं नव्हतं. त्याच वर्षी विद्यापीठाने गोफर सर्व्हरच्या काही वापरांसाठी शुल्क जाहीर केलं. उलट ३० एप्रिलला ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेने वेबचं तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं. आज परवाना न घेता कुणीही वेबसाइट सुरू करू शकतं, ते या निर्णयामुळे.