वाघोबाचा शेजार

आश्विन वद्य द्वादशीस शहरांतील घरांतून वसुबारस साजरी होते. गाय-वासराची पूजा होऊन दिवाळीस प्रारंभ होतो. त्याच तिथीस सह्याद्रीच्या कुशींत, अकोलें-जुन्नरकडील महादेव कोळ्यांच्या वस्त्यांतून, जी बारस पाळली जाते तिचें नांव वाघबारस. गाईची पूजा कोणासहि समजेल. परंतु ती गाय जो खातो त्यासहि त्याच दिवशीं नैवेद्य दाखवावा, हें शहरी मनास चमत्कारिक वाटतें. गुराख्यास मात्र त्यांत कांहींच नवल वाटत नाहीं. ज्या रानांत वर्षभर गुरें न्यावयाचीं, त्या रानाचा दुसरा धनी कोण हें तो जाणून असतो.

ठाणें व पालघर जिल्ह्यांत, आणि खुद्द मुंबईच्या उपनगरांतहि, वारली पाड्यांजवळ वाघोबाचीं स्थानें आढळतात. लांकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, त्याच्या वर चंद्रसूर्य, आणि अंगावर शेंदराचे थर. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशा दीडशेंहून अधिक स्थानांची नोंद आहे. वाघोबा हा एका स्त्रीच्या पोटीं जन्मलेला पुत्र, अशी कथा वारली सांगतात. तो गुरें मारूं लागला तेव्हां मातेनेंच तडजोड घडवून आणली: त्यानें रानांत राहावें, आणि लोकांनीं वर्षांतून एकदां त्याचा मान त्यास द्यावा. म्हणजे हा देव प्रेमळ नव्हे. कराराचा देव आहे, आणि करार मोडल्यास त्याचा कोप होतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. मराठी खेडुताच्या बोलण्यांत पट्टेरी वाघ आणि बिबळ्या या दोघांसहि बहुधा एकच नांव असतें, तें म्हणजे वाघ. पट्टेरी वाघ या टापूंतून केव्हांच नाहींसा झाला, तरी वाघोबाचें देवपण ओस पडलें नाहीं. तें बिबळ्यानें पुढें चालविलें.

या पूजेस भाबडेपणा म्हणून हिणवणें सोपें आहे. परंतु तिच्या भोंवतीं व्यवहारज्ञानाचा मोठा सांठा आहे. वानर कोणत्या सुरांत ओरडलें म्हणजे काय समजावें, पाऊल कोणत्या ओढ्याकांठीं उमटतें, गोठ्याचें दार किती पक्कें असावें, तिन्हीसांजेनंतर पोरास एकट्यास बाहेर कां सोडूं नये, अंधारांत वांकून बसलेला मनुष्य उभ्या माणसापेक्षां अधिक धोक्यांत कां असतो, हें सारें त्यांत येतें. आणि त्याहून मोलाचें असें एक ज्ञान त्यांत आहे: आज दिसलेला वाघ हा बहुधा गेल्या वर्षीं दिसलेलाच वाघ होय. त्याची वाट ठरलेली, वेळ ठरलेली. त्यास डिंवचलें नाहीं तर तो आपल्या वाटेनें निघून जातो.

इंग्रजी अमदानींत या ज्ञानाचा उपयोग झाला, पण तो उलट्या कामीं. खानदेशांत भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औटराम याच्या नांवावर १८२५ ते १८३४ या काळांतील १९१ वाघांची शिकार नोंदली आहे. भिल्लांच्या नजरेवांचून व पायांवांचून ही संख्या गांठतां आली नसती. पुढें सरकारनें हिंस्र श्वापदांवर बक्षिसें लावलीं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत ऐंशी हजारांवर वाघ आणि दीड लाखांवर बिबळे मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. रानांतील जाणता पुरुष सरकारदरबारीं वाटाड्या ठरला. त्याचा सल्ला मात्र कोणी विचारला नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदूक खालीं ठेवली गेली. सल्ला विचारण्याची रीत मात्र त्यानंतरहि लवकर पडली नाहीं. मध्यंतरीं कुकडी प्रकल्पाच्या धरणांनीं जुन्नरच्या शिवारांत पाणी खेळविलें. जेथें बाजरी होती तेथें ऊंस आला. बिबळ्यास दाट आडोसा मिळाला, आणि वस्तीवरील कुत्रीं व शेळ्या हें भक्ष्यहि. उंसांत बछडीं जन्मूं लागलीं. लोकांनीं ओरड केली, आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें. पोर गमावलेल्या घरास करारांच्या कथा सांगून भागत नाहीं. मग पिंजरे लागले. पकडलेला बिबळ्या दूरच्या जंगलांत सोडावा, म्हणजे वाघ वाघाच्या जागीं व माणूस माणसाच्या, असा तो सरळ हिशेब होता.

हिशेब चुकला. २००१ पूर्वीं जुन्नर भागांत माणसांवर वर्षास सरासरी चार हल्ले होत. २००१ पासून २९ बिबळे सरासरी चाळीसेक किलोमीटरांवर नेऊन सोडण्यांत आले, आणि हल्ल्यांची वार्षिक सरासरी सतरावर गेली. पूर्वीं शंभरांतील अठरा हल्ले प्राणघातक ठरत, तें प्रमाण छत्तिसांवर गेलें. हल्ले वाढले ते विशेषेंकरून जेथें बिबळे सोडले त्या जंगलांच्या आसपास. तेथील लोकांनीं कोणाचा वाघ मागितला नव्हता. अनोळखी मुलुखांत टाकलेलें, भेदरलेलें जनावर त्यांच्या दारीं आलें. त्याची वाट त्यांस ठाऊक नव्हती, आणि त्यांची त्याला.

पकडलेलें जनावर सोडल्या जागीं राहत नाहीं, हें एका बिबळ्यानें पुढें स्वतःच सिद्ध केलें. २००९ सालीं पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेला एक वयस्क नर काढून, गळ्यांत खुणेचा पट्टा बांधून, माळशेज घाटांत सोडण्यांत आला. अभ्यासकांनीं त्यास आजोबा असें नांव ठेविलें. आजोबा सुमारें १२० किलोमीटर चालून, रेल्वे, हमरस्ते व वसईची खाडी ओलांडून, मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशीं पोंचला. वाटेंत तो कोणा माणसावर धांवून गेला नाहीं. २०११ च्या डिसेंबरांत मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेनें तो मेला.

त्याच सुमारास अकोले तालुक्यांत, जेथें दर चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसें राहतात, दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच बिबळे आढळले. माणसांवरील गंभीर हल्ले तेथें विरळ होते. गांवकऱ्यांस या आंकड्यांचें विशेष आश्चर्य वाटण्याचें कारण नव्हतें.

तरीहि जुनें ज्ञान सर्व अडचणींस पुरेल असें मानणें ही दुसरी चूक होईल. दर हंगामास परमुलुखांतून ऊंसतोडणी कामगार येतात व फडाशेजारीं उघड्यावर पालें ठोकून राहतात; त्यांच्या आजोळीं वाघबारस नाहीं, आणि त्यांच्या पोरांस रात्रीं बंद करावयास दारच नाहीं. जुन्नर, आंबेगांव, शिरूर या तालुक्यांत अलीकडे पुन्हां माणसें दगावलीं आहेत, आणि पिंजऱ्यांची मागणी पुन्हां जोरांत आहे.

मात्र त्याच फडांत एक नवी रीत हळूहळू रुजत आहे. तोडणींत बछडीं सांपडलीं कीं कामगार कोयते थांबवितात, शेतकरी वनखात्यास कळवितो. बछडीं तपासून संध्याकाळीं खोक्यांत घालून सांपडल्या जागींच ठेवितात, आणि माणसें दूर जातात. रात्रीं केव्हांतरी आई येते, आणि एकेक उचलून घेऊन जाते.