रमजानचे रोजे : नियम, सवलत आणि अधिकार – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इस्लामच्या पाच मूलस्तंभांपैकी रमजान महिन्यातील उपवास हा एक होय. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी व स्त्री-पुरुष समागम यांपासून अलिप्त राहणे, अशी त्याची सर्वसाधारण व्याख्या केली जाते. ती अचूक असली तरी अपुरी आहे. उपवास कोणी करावा याबरोबरच कोणी करू नये, हेही मूळ आज्ञेत सांगितलेले आहे. सवलत ही उत्तरकालीन पंडितांनी काढलेली पळवाट नव्हे. ती नियमाचेच अंग आहे. मात्र ही सवलत कोणत्या अडचणीसाठी आहे व ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न इतिहासात पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. प्रस्तुत लेखात सातव्या शतकातील मदिना आणि विसाव्या शतकातील ट्युनिशिया व पाकिस्तान यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. संज्ञा व आशय :
उपवासासाठी कुराणात ‘सौम’ वा ‘सियाम’ ही संज्ञा येते. तिचा मूळ अर्थ ‘थांबणे, आवरणे’ असा आहे. कुराणाच्या ‘मरयम’ या अध्यायात मरियमने पाळलेल्या मौनासाठीही ‘सौम’ हाच शब्द योजिला आहे. भारतात रूढ झालेला ‘रोजा’ हा शब्द फारसी असून तो दिवस या अर्थाच्या ‘रोज’ या शब्दावरून आला. मराठी भाषकाच्या मनात ‘उपवास’ म्हटल्यावर चालणाऱ्या व न चालणाऱ्या पदार्थांचा विचार प्रथम येतो. रोजाचे बंधन पदार्थांवर नसून वेळेवर आहे. दिवसभर तो निर्जळी असतो, तर सूर्यास्तानंतर एरवी विहित असलेले कोणतेही अन्न चालते.

इमाम गझाली (इ.स. १०५८–११११) यांनी ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथात रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली पोट व वासना यांच्या संयमाची, दुसरी डोळे, कान, जीभ, हात, पाय या सर्व अवयवांच्या संयमाची आणि तिसरी मनाला ईश्वराखेरीज अन्य विचारांपासून आवरण्याची. दिवसभराचे राहिलेले जेवण रात्री भरून काढल्यास वासना क्षीण कशी होणार, असा त्यांचा आक्षेप होता. सारांश, भूक हे साधन मानले गेले. देहदंड हे उद्दिष्ट नव्हते.

२. मदिनेतील जडणघडण :
मक्केतील सुमारे तेरा वर्षांच्या काळात रमजानचा उपवास बंधनकारक नव्हता. इ.स. ६२२ च्या हिजरतीनंतर मदिनेत मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, म्हणजे आशुऱ्याला, उपवास पाळला जाई. हिजरी सन २ मध्ये (इ.स. ६२४) रमजानच्या रोजांची आज्ञा झाली व आशुऱ्याचा उपवास ऐच्छिक ठरला. त्याच रमजानमध्ये बद्रची लढाई झाली.

‘अल्-बकरा’ अध्यायातील १८३ ते १८७ या आयतींत या आज्ञेचे स्वरूप आढळते. आजारी व प्रवासी यांनी सुटलेले रोजे अन्य दिवशी पूर्ण करावेत, तर ज्यांना ते झेपत नाहीत त्यांनी गरिबास अन्नदान करावे, असे तेथे सांगितले आहे. अनेक भाष्यकारांच्या मते प्रारंभी सशक्त व्यक्तीलाही रोजा किंवा अन्नदान असा पर्याय होता. पुढील आयतीने तो रद्द झाला. ईश्वराला माणसांची सोय अभिप्रेत आहे, अडचण नव्हे, हा आशयही त्याच आयतीत येतो.

नियमांना अनुभवाने कसे वळण मिळाले, हे हदीसमधील कैस बिन सिरमा यांच्या प्रसंगावरून दिसते. त्या वेळी सूर्यास्तानंतर एकदा झोप लागली की दुसऱ्या दिवसाच्या सूर्यास्तापर्यंत काही खाता येत नसे. दिवसभर राबून कैस घरी आले. पत्नी अन्न आणावयास गेली, तोवर त्यांचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मूर्च्छित पडले. ही हकिकत पैगंबरांच्या कानी गेली व त्यानंतर पहाटेची पांढरी रेघ काळ्या रेघेपासून वेगळी दिसेपर्यंत रात्रभर खाण्यापिण्याची मुभा देणारी आयत अवतरली, असे परंपरा सांगते. कष्टकऱ्याच्या देहाची मर्यादा येथे नियमाच्या केंद्रस्थानी आली.

पहाटेपूर्वीची सहरी घ्यावी, सूर्यास्त होताच विनाविलंब इफ्तार करावा, रात्रंदिवस सलग उपवास करू नये, या सूचनांचा रोख तोच आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना सवलत मिळाली. मासिक पाळीत स्त्रियांनी रोजा ठेवू नये व तो नंतर भरून काढावा, असा नियम झाला. हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये (इ.स. ६३०) मक्केवर चालून जाताना पैगंबरांनी वाटेत सर्वांसमक्ष रोजा सोडला, तरीही काहींनी तो चालूच ठेवल्याचे कळताच नापसंती व्यक्त केली. सवलत नाकारून कठोरपणा मिरविणे हाही येथे दोष ठरला.

३. चांद्रमास व ऋतुचक्र :
‘रमजान’ या नावाचा संबंध प्रखर उष्णतेच्या धातूशी जोडला जातो. इस्लामपूर्व अरबस्तानात महिने ऋतूंशी जुळते ठेवण्यासाठी ‘नसी’ ही पद्धत होती. भारतीय पंचांगातील अधिकमासाशी तिचे साम्य आहे. कुराणाने ‘नसी’ निषिद्ध ठरविली व इस्लामी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे शुद्ध चांद्रवर्ष झाले. परिणामी रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. उन्हाळ्यातील दीर्घ दिवसांचे कष्ट त्यामुळे कोणत्याही एका प्रदेशाच्या वाट्याला कायमचे येत नाहीत.

४. विसाव्या शतकातील दोन प्रसंग :
१९५६ मध्ये स्वतंत्र झालेल्या ट्युनिशियाचे अध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये, रमजानच्या तोंडावर, रोजांमुळे उत्पादन घटते अशी भूमिका मांडली. मागासलेपणाविरुद्धचा लढा हाही जिहादच आहे, म्हणून त्यात गुंतलेल्यांना रोजा सोडण्याची मुभा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आधार म्हणून त्यांनी मक्केवरील स्वारीचाच दाखला दिला. देशाचे मुफ्ती मुहम्मद अब्दुल अझीझ जैत यांनी या अन्वयार्थास मान्यता दिली नाही व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बहुसंख्य जनतेने रोजे पाळणे चालूच ठेवले.

बुर्गिबांनी दिलेला दाखला खरा होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र वादग्रस्त होता. मक्केच्या वाटेवरील सैनिक प्रत्यक्ष प्रवासात व थकलेले होते. असह्य कष्ट झाल्यास मजुराने त्या दिवसाचा रोजा सोडावा, हे धर्मशास्त्रींनाही मान्य होते. परंतु ही मुभा त्या व्यक्तीच्या त्या दिवसाच्या स्थितीशी बांधलेली आहे. संपूर्ण राष्ट्राला दरवर्षी लागू होणारी सवलत दिल्यास नियमच शिल्लक राहत नाही, हा विरोधकांचा मुद्दा होता.

याच्या नेमकी उलट दिशा पाकिस्तानात दिसते. जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीत १९८१ मध्ये ‘एहतराम-ए-रमजान’ अध्यादेश निघाला. इस्लामनुसार रोजा बंधनकारक असलेल्या व्यक्तीने रोजाच्या वेळेत सार्वजनिक ठिकाणी खाणे, पिणे वा धूम्रपान करणे हा गुन्हा ठरला. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंडाची तरतूद होती. रुग्णालये, रेल्वे स्थानके आदींना अपवाद होता. तथापि कोणावर रोजा बंधनकारक आहे हे ठरविण्याचे काम या कायद्याने पोलीस व दंडाधिकाऱ्यांकडे आले. मधुमेही माणसाचा आजार किंवा स्त्रीची पाळी चेहऱ्यावर लिहिलेली नसते. कुराणाने दिलेली सवलत घेणाऱ्यालाही त्यामुळे आडोसा शोधावा लागतो.

निष्कर्ष :
१) रमजानच्या रोजांचा नियम व त्यातील सवलत यांची घडण एकाच काळात व एकाच समाजाच्या अनुभवातून झाली.
२) सवलतीचा निकष व्यक्तीची प्रत्यक्ष असमर्थता हा आहे; शासनाची सोय किंवा उत्पादनाचे लक्ष्य हा नव्हे.
३) बुर्गिबा व झिया यांची धोरणे परस्परविरोधी दिसली, तरी व्यक्तीच्या विवेकावर सोपविलेला निर्णय शासनाने हाती घेणे हे दोन्हींतील समान सूत्र होय.

एकांतात घेतलेला पाण्याचा घोट कोणालाही दिसत नाही. नमाज व हज इतरांच्या समवेत घडतात. रोजा मात्र पाळला की मोडला, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. म्हणूनच परंपरेने तो भक्त व ईश्वर यांच्यातील खास व्यवहार मानला. या व्यवहारात शासनसंस्थेने साक्षीदार होण्याचा प्रयत्न केला, तेव्हा व्रताचे बाह्यरूप तेवढे तिच्या हाती लागले.