पुलात बर्फ टाका!

हातमोजे चढवा आणि त्या लोण्याच्या पिंपांशेजारी अंग चोरून बसा. साल १८७०च्या आसपासचं, हिवाळ्यातली सकाळ. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निश गावाहून तुम्ही स्लेजमधून निघालाय. समोर गोठलेली कनेटिकट नदी, पलीकडे व्हरमॉन्टमधलं विंडसर. रेल्वे तिकडे आहे. लोणी, लोकर विकायची तर नदी ओलांडायलाच हवी.

ते लांबच लांब कोठार दिसतंय ना? तोच पूल! भिंती आणि छप्पर असलेला, जवळजवळ ४५० फूट लांब. याआधीचे तीन पूल पुरांनी नेले. हा चौथा, जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी १८६६ साली बांधलेला. छप्पर तुमच्यासाठी नाही हं, लाकडासाठी आहे. उघड्यावर ते काही वर्षांत कुजलं असतं.

तोंडाशी वर पाटी आहे, नीट वाचा: घोडी चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. घोडी एका ठेक्यात दुडकली की सगळा सांगाडा थरथरतो.

आत शिरताच डोळ्यांपुढे अंधार. नाकात एकदम लीद, ओलं लोकरी कापड, सुकं गवत आणि स्प्रूसच्या लाकडाचा वास. घोड्यांच्या अंगातून वाफ निघतेय. तिची ऊब गालाला लागते. दोन्ही बाजूंना जाड तुळयांची तिरपी जाळी, एकीत एक खाचून बसवलेली. समोरून दुसरी स्लेज येतेय, घुंगरं छपराखाली दुप्पट वाजतायत. दोन्ही गाडीवान ओरडूनच एकमेकांच्या घरची खुशाली विचारतात. राज्यं दोन असली तरी सोयरीक, उधारी आणि भांडणं दोन्ही काठांवर एकच!

आणि कर्रर्र! स्लेजला चाकं नाहीत, खाली लोखंडी पट्ट्या आहेत. कोरड्या फळ्यांवर त्या अडकल्या. घोडी जोर लावतायत, मागचे गाडीवान खेकसतायत. उतरा खाली, फावडं घ्या. ज्या पुलाला बर्फापावसापासून जपायला एवढं छप्पर घातलं, त्याच पुलात आता बाहेरचा बर्फ आणून पसरायचा. हिवाळाभर हे चालतं. त्याशिवाय बाजार नाही, डॉक्टर नाही, पाहुणा नाही.

पाठीवर घाम फुटला ना? पुरे, फावडं मागच्याच्या हातात द्या. टोलचे पैसे तयार ठेवा आणि पिंपं धरून बसा. आगगाडीची शिट्टी झाली, आता मात्र उशीर नको!