सूर, वाणी आणि मौन : मनाच्या विसाव्याची आपली परंपरा



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो. आयुष्यभर मराठी साहित्य शिकविलेल्या माणसाने मनःस्वास्थ्यासारख्या विषयावर बोलावे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. मात्र या विषयाचा जो भाग वैद्यकाचा आहे, त्यात मी शिरणार नाही. सुरांच्या साहाय्याने मन शांत करावे, कोणीतरी संथ आवाजात सूचना द्याव्यात आणि ऐकणार्‍याने त्या सूचनांच्या मागोमाग अंतर्मुख व्हावे, ही पद्धत आज शिबिरांतून, ध्वनिमुद्रणांतून आणि मोबाइलवरून घरोघर पोहोचली आहे. ती अगदी नवी आहे, असा अनेकांचा समज असतो. या पद्धतीला आपल्या भाषेत आणि आपल्या प्रदेशात मोठा इतिहास आहे. आणि तो नीट पाहिला तर आजच्या पद्धतीतून नेमके काय गळून पडले आहे, तेही कळते. एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

बालाघाट जिल्हा १८६७ साली अस्तित्वात आला. १९५६ पर्यंत आपला कारभार ज्या प्रांतातून चाले, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण नव्या मध्य प्रदेशात राहिलो आणि विदर्भ त्या वेळच्या मुंबई राज्यात गेला. राज्यांच्या सीमा अशा बदलल्या, तरी वैनगंगेने आपला मार्ग बदलला नाही. शिवनीकडून आपल्याकडे येणारी ही नदी पुढे भंडार्‍याकडे जाते आणि आंभोर्‍याला पाच नद्यांच्या संगमात मिसळते. आद्य मराठी ग्रंथकारांत ज्यांची गणना होते, त्या मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, ‘विवेकसिंधु’ रचला तो याच आंभोर्‍याला, अशी आपल्याकडची परंपरा आहे. काही अभ्यासक हा मान मराठवाड्यातील अंबाजोगाईला देतात. त्या वादात आज मी पडत नाही. महत्त्वाचे हे की, मराठीच्या उषःकालीच गुरूने बोलावे, शिष्याने ऐकावे आणि ऐकता ऐकता त्याचे मन एकेक पायरी आत उतरावे, ही रीत ग्रंथात आली. ज्याला आज ‘मार्गदर्शित ध्यान’ म्हणतात, त्याचे मूळ या संवादात आहे.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, शके १२१२ मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ झाली. तिच्या सहाव्या अध्यायात ज्ञानदेव ध्यानासाठी बसण्याची जागा सांगतात, आसन सांगतात, देह कसा ठेवावा आणि श्वासाचे काय होते, तेही सांगतात. त्या जागेचे वर्णन करताना त्यांनी आवाजाचा जो विचार केला आहे, तो विलक्षण आहे. जागा निःशब्द हवी, गजबज नको. पण पाण्यालगत हंस असावेत, दोनचार सारस असावेत, एखादे वेळी कोकिळ येऊन बसला तरी चालेल, आणि नेहमी नव्हे, पण येऊनजाऊन असणार्‍या मोरांनाही आपली हरकत नाही, अशा अर्थाचे ते बोलतात. त्यांना अभिप्रेत असलेली शांतता मुकी नाही. तीत मोजका, गोड आणि मधूनच थांबणारा नाद आहे. आणि हे सारे त्यांनी ओवीत सांगितले. जात्यावर गायिल्या जाणार्‍या लोकगीतांचा छंद तोच, आणि ग्रंथ सामुदायिक श्रवणासाठी. म्हणजे ध्यानाची सूचनाच लयीत आली, आणि ती ऐकणारा श्रोता एकटा नव्हता.

याच तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. वैद्यकाचेही ज्ञान असलेल्या या पंडिताने संगीताच्या ग्रंथात आरंभीच मानवी देहाच्या उत्पत्तीचे वर्णन केले आहे. नाद देहातून उठतो, म्हणून आधी देह समजून घ्यावा, ही त्यामागची दृष्टी. येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. अमुक राग ऐकला की अमुक रोग बरा होतो, अशा याद्या अलीकडे पुष्कळ फिरत असतात. आपल्या शास्त्रकारांनी रागांना रस, ऋतू आणि प्रहर यांची जोड दिली. औषधांच्या दुकानासारखी रोगांची मांडणी केली नाही. परंपरेचा अभिमान बाळगताना हा संयमही बाळगला पाहिजे.

पुढे वारकरी संप्रदायाने कीर्तन आणि भजन गावोगाव नेले. पण माझ्या दृष्टीने या इतिहासातला आपल्या भागाचा सर्वांत मोलाचा अध्याय विसाव्या शतकातला आहे, आणि तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आहे.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तरुणपणी रामटेक, सालबर्डी अशा ठिकाणच्या रानात त्यांनी एकांतात साधना केली. यांतील रामटेक आपल्याला दूर नाही, आणि सालबर्डी तर दोन राज्यांच्या सीमेवरच आहे. रानातून ते बाहेर आले, ते हातात खंजिरी घेऊन. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. त्यांनी मराठीत रचना केली तशीच हिंदीतही केली, ही गोष्ट आपल्यासारख्या दुभाषी प्रदेशाला फार महत्त्वाची आहे. ज्या घरांत पोवारी बोलतात, बाजारात हिंदी बोलतात आणि देवापुढे मराठी म्हणतात, त्या घरांना हे भजन परके वाटले नाही.

पण केवळ भजनावर ते थांबले नाहीत. सकाळी सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, असा दिवसाचा क्रम त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे खेड्यांना लावून दिला. या प्रार्थनेत मूर्तीचा आग्रह नाही. समोर असते ते केवळ अधिष्ठान. जात, पंथ, श्रीमंती यांचा विचार न करता सर्वांनी एका ओळीत बसावयाचे. एकाने आरंभ करावयाचा, बाकीच्यांनी त्याच्या सुरात सूर मिसळावयाचा, आणि मग काही काळ सर्वांनी स्तब्ध राहावयाचे. ‘ग्रामगीता’ या त्यांच्या ४१ अध्यायांच्या ग्रंथात गावाचे आरोग्य, भजनाचा प्रभाव आणि सामुदायिक प्रार्थना हे विषय एकाच योजनेत गोवलेले आहेत. मनाचे स्वास्थ्य ही गावाच्या स्वच्छतेइतकीच सार्वजनिक बाब आहे, अशी ही भूमिका आहे.

माझे आजोळ वैनगंगेच्या पलीकडे, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात होते. धानाच्या कापणीच्या दिवसांत तेथे गेलो असता अशी प्रार्थना मी बालपणी पाहिली आहे. दिवसभर वाकून वाकून पाठ मोडलेली माणसे कंदिलाच्या उजेडात येऊन बसत. प्रथम आवाज विस्कळीत असे. दोनतीन पदांनंतर तो एक होई. प्रार्थना संपल्यावर जी शांतता पसरे, तीत गोठ्यातल्या बैलांच्या गळ्यातील घंटा ऐकू येत. त्या माणसांना ‘तणाव’ हा शब्द ठाऊक नव्हता. पण उठताना त्यांचे चेहरे येतानाच्या चेहर्‍यांपेक्षा निराळे असत, एवढे मुलाच्या डोळ्यांनाही दिसत असे.

कोणी म्हणेल की, असा विसावा माणसाला निष्क्रिय करतो. दुःखाची कारणे तशीच राहतात आणि मन तेवढे गप्प बसते. हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर येथे जे आंदोलन पेटले, त्यामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती. सरकारने त्यांना अटक केली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. ज्या खंजिरीने दमलेल्यांना शांत केले, तिनेच भ्यालेल्यांना उभे केले. शांत झालेले मन दुबळे होत नाही, ते स्थिर होते. आणि स्थिर मनालाच धैर्य पेलते.

आता याच काळात महाराष्ट्रात दुसरीकडे काय चालले होते, ते पाहू. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था काढली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाच्या दाव्यांची तपासणी क्ष-किरणांनी आणि मापनयंत्रांनी करावी, हा त्यांचा आग्रह होता. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीविषयी त्यांचा सल्ला घेतला होता. पुढे १९६९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाच्या प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधेही कमी करता आली. शवासन शिकविताना एकेक अवयव सैल सोडण्याची सूचना शिक्षक देतो आणि साधक श्वासाकडे लक्ष ठेवतो. गुरूच्या वाणीचा तोच जुना धागा आता रुग्णालयात पोहोचला होता.

पाश्चात्त्य देशांतही असे प्रयोग झाले. इटलीतील डॉ. लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ साली २३ निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना असो की बौद्ध मंत्र, तो लयीत म्हटला असता श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो आणि हृदयाच्या गतीशी त्याचा मेळ बसतो, असे त्यांना आढळले. भजनातही लांब ओळ एका श्वासात म्हणावी लागते, आणि म्हणून श्वास आपोआप दीर्घ होतो. २००६ साली त्यांनी संगीतावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जलद संगीताने श्वास व नाडी वाढली, संथ संगीताने ती तुलनेने शांत राहिली. पण सर्वांत खोल विसावा मिळाला तो संगीताच्या मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. त्या वेळी रक्तदाब आणि नाडी आरंभापेक्षाही खाली उतरली. अवघ्या २४ व्यक्तींवरचा हा अभ्यास; त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण सुरानंतरच्या मौनाची जागा आपल्या प्रार्थनेत आधीपासून राखलेली होती, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निर्वाण झाले. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. आयुष्यभर गाणार्‍या माणसाला लाखोंचा समुदाय न गाता, न बोलता वंदन करतो. सूर, वाणी आणि मौन यांचा एवढा समर्पक मेळ मला अन्यत्र दिसला नाही.

या इतिहासातून तीन गोष्टी हाती येतात : सूर, मार्ग दाखविणारी वाणी आणि शेवटचे मौन. या तिन्हींना धरून ठेवणारी चौथी गोष्ट म्हणजे शेजारी बसलेला माणूस. आजच्या ध्वनिमुद्रणात सूर आहे, वाणीही आहे. मात्र मौन टिकत नाही, कारण एक संपताच दुसरे सुरू होते. आणि शेजारचा माणूस तर कोठेच नाही. मी यंत्रांचा द्वेष करीत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला, परगावी एकट्या राहणार्‍या विद्यार्थ्याला त्यांचा खरा आधार होतो. पण ज्या एकाकीपणाने मन थकले, त्याच एकाकीपणात बसून ते विसावेल, ही अपेक्षा अपुरी आहे.

आपल्या गावात ही अडचण मला जवळून दिसते. मुले नोकरीसाठी नागपूर, रायपूर, पुण्याला गेली. मोठ्या घरांत दोन वृद्ध माणसे उरली. इकडे दहावी-बारावीची मुले परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या धास्तीने रात्ररात्र जागतात. आजीला पाठ असलेली मराठी पदे नातवाला कळत नाहीत, आणि त्याच्या कानातले आजीला ऐकू येत नाही. दोघेही अस्वस्थ, आणि दोघांच्याही शांततेची साधने परस्परांपासून तुटलेली! येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्याची झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच नाहीशी होऊ लागली आहे, त्याला भजनाचा उपदेश करीत बसू नये. त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. प्रार्थना उपचारांना साथ देते, त्यांची जागा घेत नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, आपण सर्वांनी शाळेच्या प्रार्थनेत उभे राहून दिवस आरंभिला आहे. ती प्रार्थना हळूहळू हजेरीची आणि सूचनांची वेळ झाली, हे आपण जाणता. माझी संस्थेला एक साधी विनंती आहे. प्रार्थना संपल्यावर लगेच सूचना सुरू करू नयेत. मध्ये दोन मिनिटे सर्वांनी स्वस्थ उभे राहावे, शिक्षकांनीही. आणि आठवड्यातून एका सायंकाळी शाळेचे आवार परिसरातील वृद्धांसाठी उघडावे. मुलांनी त्यांच्याकडून एक पद शिकावे, त्यांनी मुलांकडून एक ऐकावे, आणि मग सर्वांनी मिळून थोडा वेळ शांत बसावे. भाषा कोणतीही असो, मराठी, हिंदी, पोवारी किंवा गोंडी. याला खर्च नाही, साहित्य नाही, तज्ज्ञाची गरज नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या शिकविण्याचे चीज व्हावयाचे असेल, तर ते पुस्तिका छापून होणार नाही. अशा एखाद्या सायंकाळीच होईल.