औषधाची खिडकी

आजचा भाग एका खिडकीबद्दल आहे. मोताळा असो की मलकापूर, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून, डॉक्टरांना दाखवून आपण शेवटी जिच्यासमोर रांग लावतो, ती औषधाची खिडकी.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पूर्वी तिथे कंपाउंडर असायचा. रिकामी बाटली आपणच न्यायची. तो त्यात मिक्श्चर भरायचा आणि डोस कळावेत म्हणून बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवायचा. १९४८ साली फार्मसी कायदा आला. औषध बनवून देणारा माणूस शिकलेला आणि नोंदणी झालेला हवा, असं ठरलं. आज तिथे औषध निर्माण अधिकारी असतात. गोळ्या देणं हे त्यांचं आपल्याला दिसणारं काम. न दिसणारं काम बरंच मोठं आहे: साठ्याची नोंद, आधी मुदत संपणारं औषध आधी वापरात काढणं, साप चावल्यावर लागणारं इंजेक्शन संपायच्या आत मागवणं.

पण औषध खिडकीपर्यंत येतं, ते खरं आहे की नाही हे कोण बघतं? या प्रश्नाची किंमत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाने मोजली. १९८६ च्या सुरुवातीला तिथे ग्लिसरॉल दिलेले रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावू लागले. १४ जण गेले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. याच विषाने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते, म्हणजे धोका जगाला माहीत होता. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सगळा कारभार उघडा पाडला. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

ही जुनी गोष्ट वाटते? मग आपल्या विदर्भातलंच ऐका. २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला गेला. प्रयोगशाळेत कळलं की गोळीत औषधच नाही! पोलिसांच्या आरोपपत्रानुसार असल्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं. विचार करा, ताप उतरत नाही म्हणून आपण डॉक्टरांना दोष देतो, आणि पोटात जातेय पावडर.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलंच झालं. पण ज्याच्याकडे बाहेरून औषध घ्यायला पैसे नाहीत, त्याचा सगळा भरवसा आता या एका खिडकीवर आहे. नमुना वेळेत तपासला गेला, तरच त्या भरवशाला अर्थ.

आपल्या हातात काय? गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत वाचा, पाकीट जपून ठेवा. गुण आला नाही तर तेच पाकीट घेऊन परत जा आणि बिनधास्त विचारा. फुकट मिळालेल्या औषधाबद्दलही विचारायचा हक्क आहे आपल्याला.

भेटू पुढच्या भागात!