हेलियम, विजयदुर्ग आणि मास्तरांची चूक

मागच्या महिन्यात नातू अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसला. मी बी.ए.चा माणूस, तोही मराठी माध्यमाचा. जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलं. पण लहान शाळेत विज्ञानाचा तास कधी ना कधी गळ्यात पडतोच, तसा माझ्याही पडला होता. त्यामुळे मला थोडंफार विज्ञान येतं असा आमच्या घरात एक गैरसमज आहे.

त्याचा प्रश्न असा : "आजोबा, बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असलेले बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम आवर्तसारणीत डावीकडे बसतात. हेलियमलाही दोनच इलेक्ट्रॉन. मग तो पार उजव्या टोकाला निऑनच्या डोक्यावर कशाला?"

उत्तर सुचेना, म्हणून वेळ काढायला मी म्हणालो, "हेलियम आपल्या विजयदुर्गावर सापडला बरं का! १८६८ च्या ग्रहणात लॉकियरसाहेबाने शोधला." पोराने मोबाइल काढला आणि दोन मिनिटांनी शांतपणे म्हणाला, "लॉकियर त्या वर्षी भारतात आलाच नव्हता."

मंडळी, हे वाक्य मी कितीतरी वर्षं वर्गात सांगत आलो. एकदा तर औरंगाबादहून (तेव्हा आमचं गाव औरंगाबादच होतं) रात्रभर एस.टी.ने मुलांना विजयदुर्गाला नेलं आणि 'साहेबाच्या कट्ट्यां'पाशी उभं करून ही गोष्ट रंगवून सांगितली. आणि मी इतिहासाचा मास्तर! मग काय, चष्मा लावून वाचत बसलो.

झालं होतं ते असं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता. विल्यम हर्शेलचा नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल, जमखंडीला होता. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकात. चंद्राने सूर्य झाकल्यावर कडेला ज्या ज्वाळा दिसतात त्यांचा प्रकाश या मंडळींनी वर्णपटदर्शकातून पाहिला. त्यात एक पिवळी रेघ होती. सोडियमच्या जोडरेघा अगदी जवळच असतात, त्यामुळे ही रेघ सोडियमचीच असावी असं तेव्हा बहुतेकांना वाटलं.

ग्रहण संपल्यावरही या ज्वाळांचा वर्णपट दिसू शकतो हे जान्सेनला दुसऱ्याच दिवशी कळलं. इकडे लंडनमध्ये लॉकियरनेही २० ऑक्टोबर १८६८ ला स्वतंत्रपणे तेच साधलं. हा लॉकियर सरकारी कचेरीतला कारकून, फावल्या वेळात आकाश बघणारा. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे असलेलं एकच पदक काढलं. ती पिवळी रेघ सोडियमची नाही, पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नाही, हे लॉकियरने धरून लावलं. ग्रीक 'हेलिऑस' म्हणजे सूर्य, त्यावरून नाव पडलं हेलियम.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. ते कट्टे त्या वेळचेच असणार. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून होते. त्यांची आठवण मात्र कुणी काढत नाही. दोन ग्रहणं, एक साहेब, आणि मधली तीस वर्षं लोकांनी (आणि मी) गिळून टाकली.

त्या तीस वर्षांतच खरी मौज आहे. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये ६३ मूलद्रव्यांची सारणी मांडली. न सापडलेल्यांसाठी रिकाम्या जागा ठेवल्या, त्यांना आपल्या संस्कृतातला 'एक' लावून नावंही दिली. 'एक-ॲल्युमिनियम' १८७५ मध्ये सापडलंसुद्धा, तेच गॅलियम. पण हेलियमसाठी जागाच नव्हती. १८९५ मध्ये रॅम्झेने युरेनियमच्या एका खनिजातून हा वायू काढला, तेव्हा कुठे तो जमिनीवर आला. आदल्याच वर्षी आर्गॉन सापडला होता. मग कुणाशीच संयोग न करणाऱ्या या वायूंसाठी सारणीत नवा रकाना उघडावा लागला.

आता नातवाचा प्रश्न. अणूतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनचा पत्ता चार क्वांटम अंकांनी सांगतात. पहिला कवचाचा, दुसरा उपकवचाचा, तिसरा त्यातल्या दिशेचा, चौथा फिरकीचा. फिरकीला दोनच किमती. एका अणूत दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे असू शकत नाहीत, हे पाउलीने १९२५ मध्ये सांगितलं. पहिल्या कवचात दुसऱ्या-तिसऱ्या अंकांना शून्याशिवाय पर्याय नाही, फिरकी तेवढी वेगळी. म्हणजे जागा दोनच. दुसऱ्या कवचात आठ. बेरिलियमचे दोन बाहेरचे इलेक्ट्रॉन आठ जणांच्या बाकावर बसलेत, हेलियमचे दोघं एस.टी.तल्या दोघांच्या बाकावर. बाक भरलं, तिसऱ्याला जागा नाही आणि यांना उठायची इच्छा नाही. म्हणून तो निऑनच्या रांगेत.

आणि म्हणूनच तो इतका काळ लपून राहिला. सोडियमचा एकटा इलेक्ट्रॉन दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टांत जागचा हलतो. हेलियमचा हलवायला सुमारे वीस लागतात. सूर्याच्या पृष्ठभागावर तेवढी ऊर्जा क्वचितच मिळते, त्यामुळे नेहमीच्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात त्याची रेघ जवळजवळ उमटतच नाही. ती दिसते त्या बाहेरच्या तप्त थरात आणि ज्वाळांत, आणि १८६८ च्या ऑगस्टपर्यंत तो थर तपासायला ग्रहणाचीच वाट पाहावी लागे.

नातवाला पटलं असावं, कारण तो पुस्तक मिटून खेळायला गेला.

हल्ली १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा करतात. जरूर करावा. फक्त त्या सहलीला माझ्याबरोबर आलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर वहीत एवढी दुरुस्ती करून घ्या : हेलियमची रेघ, १८६८, गुंटूर-जमखंडी आणि लंडन. कट्टे, १८९८.